सात वर्षांची दोरी

सर वॉर्डात उलटे चालत. म्हणजे पाठ पुढे आणि तोंड मागे. राउंडला मागून येणाऱ्या शिकाऊ सर्जनांचे चेहरे त्यांना पाहायचे असत. "पेशंटकडे तुम्ही बघा, तुमच्याकडे मी बघतो," हे त्यांचं स्पष्टीकरण. बत्तीस खाटांचा तो वॉर्ड ते रोज सकाळी आठ वाजता असा पार करत आणि मंदाताई नावाच्या आया त्यांना वाट सांगत.

"सर, बादली. डावीकडं."

"कुणाची?"

"बादली हो! आता सरळ. आता खाट. थांबा, थांबा, थांबा!"

मी तिथे असताना सर दोनदा पडले. एकदा जेवणाच्या ट्रॉलीवर आणि एकदा एका पेशंटच्या सासऱ्यांच्या मांडीवर. सासऱ्यांनी त्यांना उठू दिलं नाही. जावयाच्या हर्नियाची सगळी चौकशी त्यांनी सरांना मांडीवर ठेवूनच केली आणि सरांनीही तिथूनच सगळी उत्तरं दिली.

हॉस्पिटल डहाणूत, एका ट्रस्टचं. सर तिथल्या सर्जरी विभागाचे प्रमुख होते. एमबीबीएस झालेले डॉक्टर त्यांच्या हाताखाली तीन वर्षं राहत, दिल्लीच्या परीक्षा मंडळाची परीक्षा देत आणि सर्जन होऊन बाहेर पडत. दरवर्षी जागा दोन. मंडळाची मान्यता असेल तोवर.

मी तिथे २०१६ साली आले. त्याआधी नऊ वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. आमची आवृत्ती बंद झाली आणि प्रशिक्षण विभागात लेखनिक हवी असल्याचं कळलं. मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला.

"आधीच्या नोकरीत तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

मी सांगितलं, एका जिवंत माणसाचा मृत्युलेख छापला होता.

सर खुर्चीत पुढे सरकले. "मग?"

"दुसऱ्या दिवशी फोन आला."

"घरच्यांचा?"

"त्यांचाच. मजकूर चांगला होता म्हणाले. जन्मगाव चुकलं होतं."

सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि "घेतली!" असं शेजारच्या खोलीला ओरडून सांगितलं. शेजारची खोली क्ष-किरण विभागाची होती. तिथल्या माणसाने उलट ओरडून विचारलं, "सर, छातीचा की पायाचा?"

त्या मृत्युलेखापासून मला एक सवय लागलेली आहे. खात्री केल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवत नाही आणि खात्री झाली की काहीही अडवत नाही. पुढचा सगळा घोटाळा या सवयीतून झाला.

सरांना गाठींचं वेड होतं. कोटाच्या काजांत, पेनाच्या टोपणाला, कपाच्या कानाला, जिथे जिथे भोक किंवा दांडी दिसेल तिथे ते बोलता बोलता दोऱ्याची गाठ मारून ठेवत. हाताकडे बघत नसत. ट्रस्टच्या एका बैठकीत त्यांनी अध्यक्षांच्या खुर्चीचा पाय टेबलाच्या पायाला बांधला. मुद्दाम नाही, विषय लांबला होता म्हणून. अध्यक्ष आभार मानायला उठले आणि खुर्ची मागे ढकलू लागले. टेबल त्यांच्यामागून निघालं. सहा जणांचा चहा त्याच्याबरोबर गेला. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, हे सोडवा." सर खाली वाकले, निरखून पाहिलं आणि अभिमानाने म्हणाले, "ही सुटत नाही. कापावी लागेल."

नवीन उमेदवारांच्या मुलाखतीत ते गुणपत्रिका बाजूला ठेवत आणि पुढ्यात पिकलेला चिकू आणि एक ब्लेड ठेवत. साल काढायची, गर जायला नको. "पिकलेल्यावर जोर चालत नाही," ते सांगत. "आतड्यावरही नाही." निम्मे उमेदवार इथेच गळत. उरलेल्यांना ते विचारत, "आजवर काय जमलं नाही ते सांगा." ज्यांना सगळं जमलं होतं त्यांना चिकू खायला देऊन परत पाठवत.

सुनीता अशीच निवडली गेली. ती तळासरी तालुक्यातल्या झरीची. वडील दुसऱ्यांच्या वाडीत रोजावर चिकू उतरवत. चिकू पाहून ती म्हणाली होती, "सर, हा अजून दोन दिवस पिकायला पाहिजे. आणि हा सोलत नाहीत, फोडतात." सरांनी तो तिच्याकडून फोडून घेतला आणि खाल्ला. निवड झाली.

निवडलेल्यांना पहिला महिना ऑपरेशन थिएटरचं दार दिसत नसे. त्यांना रोज दुपारी चार ते सहा डहाणूच्या खाडीवर, मच्छीमारांच्या मांगेलआळीत पाठवलं जाई. तिथे हिराकाकी नावाच्या बाई ओट्यावर बसून फाटलेली जाळी विणत. शिकाऊ सर्जनांनी त्यांच्याकडून गाठ शिकायची. काकी हजेरी कागदावर लावत नसत. प्रत्येकाची एक दोरी असे. आला त्या दिवशी दोरीला एक गाठ. नाही आला, तेवढी जागा मोकळी.

आता सरांच्या सात वर्षांबद्दल.

एमबीबीएस झाल्यापासून सर्जरीची पदवी मिळेपर्यंत सरांच्या आयुष्यात सात वर्षं होती आणि त्यांचा कुठेही कागद नव्हता. ती कुठे गेली हे विचारलं की सर आनंदाने सांगत. मंदाताईंना त्यांनी सांगितलं होतं की ते सर्कशीत डॉक्टर होते आणि त्यांनी हत्तीचा फाटलेला कान शिवला. भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की मालवाहू जहाजावर होते. फार्मसीत सांगितलं होतं की तुरुंगात होते, पण तिथले डॉक्टर म्हणून की आतले म्हणून, हे सांगायचं राहिलं. मी या हकिगतींची नोंद ठेवली. एकूण नऊ निघाल्या. एक गोष्ट लक्षात आली. ठिकाण दर वेळी बदलायचं, काळ कधीच नाही. हत्ती सात वर्षं, जहाज सात वर्षं, तुरुंगही सातच.

२०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीहून मंडळाचं पत्र आलं. मान्यतेची मुदत संपत होती. नव्याने अर्ज करायचा होता आणि त्यात एक कलम होतं: "विभागप्रमुखांच्या सेवाकालात दिसणाऱ्या सात वर्षांच्या खंडाचा पुराव्यासह खुलासा करावा. अन्यथा मान्यता पुढे चालू ठेवता येणार नाही." निरीक्षक डिसेंबरात येणार होते.

सुनीताचं तिसरं वर्ष चालू होतं. मान्यता गेली तर तिला देशात जिथे जागा निघेल तिथे पाठवणार आणि झालेली वर्षं धरायची की नाही हे तिथले लोक ठरवणार. ती माझ्या टेबलापाशी आली आणि पत्र दोनदा वाचलं.

"मॅडम, हत्तीचं खरं असेल का हो?"

"सर्कशीला पत्र लिहिलं होतं. त्या काळात त्यांच्याकडे हत्तीच नव्हता."

"मग जहाज?"

"सरांना खाडीतल्या होडीतसुद्धा उलटी होते."

ती हसली. मग म्हणाली, "मला पुन्हा पहिल्या वर्षापासून नाही करायचं. आई आत्ताच सगळ्यांना सांगते, झाली म्हणून."

मी सरांकडे गेले. ते खिडकीच्या दोरीला गाठी मारत होते.

"सर, ही सात वर्षं. या वेळी खरं पाहिजे."

"संपादक, हत्ती लिहा ना. कुणाला राग येणार नाही."

"पुरावा लागतो."

"हत्तीचा?"

"सर, सुनीताची जागा जाईल."

गाठ मारणारा हात थांबला. तसा तो थांबलेला मी एकदाच पाहिला. मग ते म्हणाले, "रिकामं सोडा. विचारतील तेव्हा बघू." आणि दोरी सोडून निघून गेले. उलटे नाही, सरळ.

मी रकाना रिकामा सोडला. अर्जात पुढे आणखी एक रकाना होता: प्रशिक्षण देणाऱ्यांची नावं, शिकवण्याचा विषय, अनुभव. सरांचं नाव लिहिलं. दुसऱ्या सर्जनचं लिहिलं. तिसऱ्या ओळीवर माझी सवय आडवी आली. इथे गाठी कोण शिकवतं? हिराकाकी. हे खरं आहे का? मी मांगेलआळीत गेले.

"काकी, तुम्ही डॉक्टरांना शिकवता?"

"शिकवते म्हणजे? शिव्या देते. मग शिकतात."

"किती वर्षांचा अनुभव?"

"नवव्या वर्षी सुई धरली. आता सदुसष्ट. तूच काढ, बाय."

मी हिशेब काढला, शेजारच्या दोन घरांत विचारून खात्री केली आणि लिहिलं. अनुक्रमांक तीन. नाव: श्रीमती हिराबाई. विषय: गाठी. अनुभव: अठ्ठावन्न वर्षे. माहिती खरी होती. पाठवली.

काय पाठवलं हे मला चार दिवसांनी, भाजी चिरताना कळलं.

निरीक्षक आले ते एका सकाळी आठ वाजता, राउंडच्या वेळेला. मूळचे सोलापूरचे, दिल्लीत निवृत्त झालेले सर्जरीचे प्राध्यापक. किडकिडीत, हातात कातडी बॅग आणि खिशात फूटपट्टी. वॉर्डाच्या दारातून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि विभागप्रमुखांची पाठ त्यांच्या अंगावर आली.

"सर, माणूस!" मंदाताई ओरडल्या.

"कोणता?"

"नवा!"

सर वळले नाहीत. "नव्यांनी खाटेजवळ उभं राहावं," म्हणाले आणि राउंड चालू ठेवला. निरीक्षक खाटेजवळ उभे राहिले. पुढच्या चाळीस मिनिटांत सरांनी त्यांनाही दोन प्रश्न विचारले. एक बरोबर आला.

माझ्या खोलीत त्यांनी आधी पुस्तकांच्या कपाटाची लांबी मोजली. मग अर्ज उघडला. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"अठ्ठावन्न?"

"हो सर."

"वय?"

"सदुसष्ट."

"म्हणजे यांनी नवव्या वर्षी शिकवायला सुरुवात केली."

"शिकायला. शिकवण्याचा वेगळा आकडा मिळाला नाही."

"अर्हतेचा रकाना रिकामा आहे."

"अर्हता नाही. रिकामा हेच खरं आहे."

 त्यांचं बोट वरच्या ओळीवर गेलं. "आणि ही सात वर्षं? इथेही रिकामा हेच खरं?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. सुनीता दारात उभी होती. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते निघेना. सरांनी आधीच्या दहा मिनिटांत ते पेनाच्या दांडीला बांधून टाकलं होतं.

"आधी या श्रीमतींना भेटू," निरीक्षक म्हणाले.

आम्ही चौघं रिक्षाने खाडीवर गेलो. काठावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत होते. काकी ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर निळ्या नायलॉनचं जाळं.

"चपला काढ," त्या निरीक्षकांना म्हणाल्या. "जाळ्यावर पाय देऊ नको. तू पण डाक्टर?"

"मी डॉक्टरांचा परीक्षक आहे."

"म्हणजे नापास करणारा."

"गरज पडल्यास."

काकींनी सुई खाली ठेवली. "मग ह्याला सहा वेळा तूच केलंस काय रे?"

खाडीत एका होडीचं इंजिन सुरू होत होतं आणि बंद पडत होतं. सर त्या इंजिनाकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

"सहा वेळा?" निरीक्षकांनी विचारलं.

"काकी," सर म्हणाले, "पाहुण्यांना चहा..."

"गप. चहा येतोय." काकी निरीक्षकांकडे वळल्या. "हा पोरगा आत रानशेत-कैनाडच्या बाजूला दवाखान्यात होता. आज हंगामी, उद्या काढला, परवा परत ठेवला. माझा हात कापला पापलेट कापताना. ह्याने टाके घातले. घरी येईस्तवर गाठ सुटली! मी परत गेले, सहा कोस. म्हटलं, बस खाली. डाव्या हाताने त्याला गाठ दाखवली आणि उजव्या हातावर त्याच्याकडून मारून घेतली. तीन वेळा. तिसरी बसली."

त्यांनी तळवा पुढे केला. निरीक्षकांनी चष्मा वर करून पाहिलं. "पहिल्या दोन खुणाही दिसताहेत," ते म्हणाले.

"मग? फुकट शिकला काय? तेव्हापासून रोज चारला यायचा. वर्षाला परीक्षा द्यायचा, हात घाबरायचा, नापास होऊन यायचा. आला की मी म्हणायची, बस."

"त्या नेमणुकांचे कागद?"

"होते की. इथेच ठेवलेले ह्याने." काकी जराशा ओशाळल्या. "बोंबील बांधून दिले त्यात. चांगला जाड कागद होता."

"म्हणजे पुरावा नाही," निरीक्षक म्हणाले आणि सुनीताने मान खाली घातली.

"पुरावा कसला?"

"हा माणूस सात वर्षं इथे येत होता याचा."

"मग असं बोल ना!" काकी उठल्या, आत गेल्या आणि खुंटीवरचं एक भेंडोळं घेऊन आल्या. ताडीच्या मडक्याएवढं. ते त्यांनी निरीक्षकांच्या मांडीवर टाकलं. "हजेरी."

निरीक्षक दोरी उलगडू लागले. गाठ, गाठ, गाठ. ओटा संपला, तेव्हा सुनीताने टोक धरलं आणि ती अंगणातून चालू लागली. शेजारच्या घरापर्यंत गेली, तिथून वळून परत आली. मध्ये मध्ये लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. निरीक्षकांनी मोजल्या. सहा.

"इथे मोकळी जागा आहे," त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. खिशातली फूटपट्टी बाहेर आली होती.

"लग्न केलं. आठ दिवस नाही आला."

"आठच?"

"मी दहा सांगितलेले. बायकोने हाकलला."

"खोटं आहे," सर पहिल्यांदाच बोलले. "मीच आलो."

निरीक्षक त्यांच्याकडे वळले. "डॉक्टर, हे तुम्ही अर्जात का लिहिलं नाहीत? तुमच्या हत्तीबद्दल मला वॉर्डातच दोघांनी सांगितलं."

सरांचे हात जाळ्याच्या कडेवर चालू होते. "सहा वेळा नापास झालो म्हटलं की माणसं गप्प होतात, साहेब. मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते. हत्ती म्हटलं की हसतात."

निरीक्षक गप्प झाले. पण थोडाच वेळ. कारण काकींनी त्यांच्या हातात दोरीचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "मार बघू."

चाळीस वर्षं सर्जरी शिकवलेल्या त्या माणसाने गाठ मारली. काकींनी ती दोन बोटांनी ओढली आणि ती सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी काकींनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. सुनीताने तोंडावर ओढणी धरली. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, "तुम्ही मारा," म्हणाले. तिने त्यांच्या डोळ्यांकडे बघत, हाताकडे न बघता, एका हाताने गाठ मारली. काकींनी ओढली, मग पायात धरून ओढली.

"झरीची आहे," काकी म्हणाल्या. "हिची दोरी एका महिन्यात संपवली मी. ठेवून काय करू?"

चहा झाला. जायच्या वेळी निरीक्षक म्हणाले की दोरी परिशिष्ट म्हणून जोडावी लागेल, दिल्लीला न्यावी लागेल.

"आणि परत?"

"परत मिळेल. मंडळाचा नियम आहे."

काकींना मंडळ माहीत नव्हतं. त्यांनी निरीक्षकांची कातडी बॅग ओढून घेतली, तिच्या दोन्ही कानांना मिळून निळ्या नायलॉनची एक गाठ मारली आणि बॅग परत दिली. "दोरी आणलीस की सोडवीन."

पुढचे दोन महिने सुनीता रोज सकाळी टपालाच्या वेळेला माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. विचारायची काही नाही. मीही टपाल आधी तिच्यासमोर ठेवायला लागले.

२०१८ च्या फेब्रुवारीत पार्सल आलं. वर दिल्लीचा शिक्का. आत दोरीचं भेंडोळं आणि एक पत्र. सुनीताने पत्र उघडलं नाही. माझ्याकडे दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी वाचलं.

"एक. विभागप्रमुखांच्या खंडाचा खुलासा समाधानकारक. दोन. मान्यता दोन जागांसह पुढे चालू. तीन. अनुक्रमांक तीन यांच्या अर्हतेचा रकाना रिकामा ठेवण्यास हरकत नाही. चार. निरीक्षकांच्या बॅगेवरील गाठ सोडवण्याबाबत मार्गदर्शन व्हावे. ती कापण्याची इच्छा नाही."

सुनीता मंदाताईंना मिठी मारायला धावली आणि वाटेत बादलीवर आदळली. या वेळी बादली सांगायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघं दोरी घेऊन खाडीवर गेलो. काकींनी भेंडोळं हातात घेतलं, बोटांनी चाचपत चाचपत टोकापर्यंत आल्या आणि थांबल्या. सरांच्या शेवटच्या गाठीपुढे मोकळ्या दोरीवर नव्या गाठी होत्या. अकरा. काकींनी एकेक ओढून पाहिली. दहा सुटल्या. अकरावीला त्यांनी पाय लावला. ती राहिली.

"हे कोणाचं?"

"परीक्षकांचं," मी म्हटलं.

सर इतके हसले की ओट्यावरून उतरून त्यांना खाली बसावं लागलं.

काकी हसल्या नाहीत. त्यांनी अकरावी गाठ पुन्हा एकदा नखाने तपासली. "शिकेल," त्या म्हणाल्या. "हात घाबरतो, पण शिकेल. बाय, त्याला कागद लिही. एक महिना. दुपारी चार वाजता. बॅग घेऊन ये म्हणावं. आणि उशीर केला तर जागा मोकळी सोडणार, हेही लिही."

दुसऱ्या दिवशी मी तसं पत्र लिहिलं. प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांचं नाव, विषय गाठी, कालावधी एक महिना. खाली काकींचा अंगठा घेतला. माहिती खरी होती. पाठवली.